मालट्रक चालकांचे कामाचे तास आणि वैधानिक विश्रांती

मालट्रक चालकांची वैधानिक विश्रांती म्हणजे मालवाहू मोटारवाहन चालविणाऱ्या कामगाराला कायद्याने मिळणारा खंड. यात कामाच्या मध्यंतरातील अर्धा तास, दोन दिवसांच्या कामामधील सलग नऊ तास आणि आठवड्यातील एक सुटीचा दिवस यांचा समावेश होतो. भारतात या तरतुदींचा मुख्य आधार मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ९१ हा आहे. १९६१ चा अधिनियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. दिवसाला आठ तासांची मर्यादा संहितेतही कायम आहे.

प्रस्तुत लेखात या तरतुदी, त्या चालकाच्या प्रत्यक्ष दिवसात कशा बसतात आणि कुठे बसत नाहीत, याची माहिती महाराष्ट्राच्या, विशेषतः वर्धा जिल्ह्याच्या संदर्भाने दिली आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीतील मोटार वाहन अधिनियम, १९३९ च्या कलम ६५ मध्ये परिवहन वाहनाच्या चालकाच्या कामाच्या तासांवर प्रथम मर्यादा घालण्यात आली. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती हे सूत्र तेव्हापासूनचे आहे. मात्र या कायद्याचा रोख रस्त्यावरील सुरक्षिततेवर होता. चालक हा कामगार आहे व त्याला रजा, जादा कामाचा मोबदला, विश्रांतिगृह, गणवेश इत्यादी मिळाले पाहिजे, हा विचार १९६१ च्या अधिनियमाने कायद्यात आणला. पुढे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने स्वतंत्र तास न ठरविता १९६१ च्या अधिनियमातील तासच लागू असतील असे म्हटले. त्यामुळे एकाच विषयाची जबाबदारी कामगार विभाग आणि परिवहन विभाग अशा दोन खात्यांत वाटली गेली. अंमलबजावणी ढिली राहण्याचे एक कारण या विभागणीत आहे.

कायदेशीर तरतुदी

१९६१ च्या अधिनियमानुसार प्रौढ मोटार परिवहन कामगाराला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम देता येत नसे. लांब पल्ल्याच्या मार्गांवर किंवा सणासुदीच्या काळात, सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने, ही मर्यादा दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत वाढविता येई. वाहन बिघडणे, वाहतूक खोळंबणे किंवा नैसर्गिक आपत्ती यांसाठी स्वतंत्र सवलत होती.

विश्रांतीसंबंधीची मुख्य तरतूद कलम १५ मध्ये होती. अर्ध्या तासाची विश्रांती घेतल्याशिवाय कोणत्याही कामगाराने सलग पाच तासांपेक्षा अधिक काळ काम करू नये, असे हे कलम सांगते. ज्याचे त्या दिवसाचे काम सहा तासांच्या आत संपते त्याला ही अट लागू नाही. याच कलमाच्या दुसऱ्या भागात एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांच्या विश्रांतीची हमी आहे. कलम १६ नुसार मध्यंतरे धरून कामाचा एकूण पसारा बारा तासांपलीकडे जाता कामा नये. कलम १९ मध्ये साप्ताहिक सुटी असून, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला देण्याची तरतूद कलम २६ मध्ये होती.

या सर्वांत कमी वाचली जाणारी, पण सर्वाधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘कामाचे तास’ या शब्दांची व्याख्या. चाक फिरत असतानाचा वेळ तेवढेच काम, असा समज चालकांत आणि मालकांतही रूढ आहे. कायदा तसे मानत नाही. कामगार मालकाच्या किंवा त्याच्या सेवेवर हक्क असलेल्या अन्य व्यक्तीच्या दिमतीला असतो तो सगळा वेळ कामाचा. त्यात वाहन चालू असतानाचे काम येते, तसेच ‘दुय्यम काम’ही येते. हिशेब लिहिणे, नोंदवहीवर सही करणे, वाहन ताब्यात घेणे व जागेवर लावणे, वाहनाची देखभाल व दुरुस्ती, आणि वाहनातील मालाच्या चढउताराशी संबंधित काम ही सर्व दुय्यम कामे होत. जिनिंगच्या आवारात हमाल गाठी चढवीत असताना त्यांची मोजणी करणारा, नंतर ताडपत्री ओढून दोर आवळणारा चालक हा कायद्याच्या दृष्टीने कामावरच असतो.

याउलट वजनकाट्यावरील किंवा बंदराच्या दारातील रांगेत जाणाऱ्या वेळेचे काय, हा प्रश्न सोपा नाही. चालक गाडी सोडून जाऊ शकत नाही, पण काही करीतही नाही. अशा वेळेला, म्हणजे प्रत्यक्ष काम नसताना वाहनावर किंवा वाहनाजवळ थांबावे लागण्याच्या काळाला, कोणत्या परिस्थितीत विश्रांती मानावे हे ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ९१ ने राज्य शासनाला दिला आहे. रांगेत दर दहा मिनिटांनी गाडी एक वाहनभर पुढे घ्यावी लागत असेल तर त्याला विश्रांती म्हणणे हे शब्दांशी खेळणे होईल. प्रत्यक्षात मात्र रांगेतला वेळच बहुधा विश्रांती म्हणून गणला जातो.

१९६१ चा अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन उपक्रमांना लागू होता. राज्य शासनाला तो लहान उपक्रमांनाही लावण्याची मुभा होती. नव्या संहितेत आस्थापनेसाठीची सर्वसाधारण मर्यादा दहा कामगारांची आहे. भारतातील बहुतांश मालवाहतूकदारांकडे एक ते पाच ट्रक असल्याने मोठा वर्ग या कक्षेबाहेर राहतो. मध्यंतर आणि कामाचा पसारा हे संहितेने अधिनियमातच न लिहिता शासनाच्या अधिसूचनेवर सोपविले आहेत. कलम ९१ मात्र वाहन चालविण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीविषयी बोलते, उपक्रमाच्या आकाराविषयी नाही. स्वतःचाच ट्रक स्वतः चालविणाऱ्या मालक-चालकाला ‘नेमतो’ कोण, हा प्रश्न अर्थातच उरतो.

एका दिवसाचा हिशेब : नाचणगाव ते न्हावा-शेवा

नाचणगाव हे वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील, पुलगाव शहराला लागून असलेले गाव आहे. पुलगाव नागपूर–भुसावळ लोहमार्गावर वर्धा नदीजवळ वसले असून सैन्याच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारामुळे परिचित आहे. परिसर कापूस व सोयाबीन पिकविणारा आहे. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्याच्या सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जातो आणि त्यावर येळाकेळी व विरूळ येथे चढउताराचे मार्ग आहेत. येथून मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरापर्यंतचे अंतर सुमारे ७०० किमी भरते. पुढील हिशेब हा केवळ नमुना आहे. भरलेल्या ट्रकचा सरासरी वेग ताशी ५० किमी धरला आहे. समृद्धी महामार्गावर अवजड वाहनांना ताशी ८० किमीची मर्यादा असली तरी चढ, घाट, पथकर नाके आणि शेवटचा शहरी टप्पा धरता सरासरी त्याहून बरीच खाली येते.

या वेगाने निव्वळ चालविण्यालाच चौदा तास लागतात. चालक सकाळी सहाला कामावर आला आणि माल चढविणे, मोजणी, ताडपत्री, वजनकाटा व बिल्टी यांत तीन तास गेले, तर नऊ वाजता गाडी निघते. अकरा वाजता कामाचे पाच तास पूर्ण होतात. म्हणजे जेमतेम दोन तास, शंभर किमी, गाडी चालवून पहिला अर्धा तास थांबणे भाग आहे. चालकाला हे विचित्र वाटते, कारण त्याच्या लेखी प्रवास आताच सुरू झालेला असतो. साडेअकराला निघाल्यास अडीच वाजता आठ तास संपतात. तोवर एकूण पाच तास, म्हणजे अडीचशे किमी, अंतर कापले जाते आणि गाडी जालना जिल्ह्याच्या अलीकडे असते. दुसऱ्या दिवशी आठ तासांत आणखी चारशे किमी होतात. उरलेले पन्नास किमी व बंदरातील रांग तिसऱ्या दिवसावर जाते.

दहा तासांची मान्यता असेल तर चित्र बदलते. पाच तास काम, अर्धा तास विश्रांती, पुन्हा पाच तास काम असा साडेदहा तासांचा दिवस बारा तासांच्या पसाऱ्यात बसतो आणि जेवण, डिझेल, वाहतूककोंडी यांसाठी दीड तास हाताशी राहतो. पहिल्या दिवशी सात तास आणि दुसऱ्या दिवशी सात तास चालवून दुसऱ्या संध्याकाळी गाडी बंदराजवळ पोचते. पहिला दिवस सायंकाळी सहाला संपविला तर नऊ तासांच्या विश्रांतीनंतर पहाटे तीनला निघणे कायदेशीर ठरते. मात्र पहाटे तीन ही झोपेच्या दृष्टीने सर्वांत वाईट वेळ असल्याने पाच-सहापर्यंत थांबणे शहाणपणाचे. दोन तास उशिरा निघूनही वेळापत्रकाचे काही बिघडत नाही.

मालाच्या कागदपत्रांतील मुदत या वेळापत्रकाच्या आड येत नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. वस्तू व सेवा कराच्या ई-वे बिलाची मुदत १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालासाठी दर २०० किमीला एक दिवस अशी आहे. ७०० किमीला चार दिवस मिळतात, आणि अडचण आल्यास मुदतवाढही घेता येते. घाई असते ती पार्टीने दिलेल्या ‘टायमिंग’ची, जहाजाची वेळ गाठण्याची आणि मुख्यतः भाड्याच्या गणिताची. चालकाला फेरीमागे पैसे मिळत असतील तर महिन्यातील फेऱ्यांची संख्या हीच त्याची कमाई ठरते. अशा पद्धतीत विश्रांतीचा प्रत्येक तास तो स्वतःच्या खिशातून भरतो. परतीचे भाडे मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या आवारात दोन-दोन दिवस बिनपगारी थांबायचे आणि माल मिळताच रात्रभर गाडी हाकायची, असा उलटा क्रम त्यातूनच तयार होतो.

दुसरा चालक

लांब पल्ल्याच्या वाहतुकीत तासांचा पेच सोडविण्याचा जुना मार्ग म्हणजे गाडीवर दोन चालक ठेवणे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये राष्ट्रीय परवान्याच्या अवजड ट्रकवर दोन चालक असावेत आणि चालकाच्या आसनामागे दुसऱ्याला आडवे होऊन झोपता येईल अशी पूर्ण रुंदीची बैठक असावी, अशी अट होती. २०१८ मधील दुरुस्तीने दोन चालकांची सक्ती काढून टाकण्यात आली. चालकांची टंचाई आणि वाढता खर्च ही वाहतूकदारांची तक्रार खरी होती. परंतु या सक्तीबरोबर आठ तासांची मर्यादा न मोडता गाडी चालती ठेवण्याची सोयही गेली, आणि तिची जागा घेणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. अनेक गाड्यांवर आज एकच चालक आणि सोबत क्लीनर असतो. काही गाड्यांवर क्लीनरही नसतो. परवाना नसलेल्या क्लीनरच्या हाती रात्री सुकाणू देऊन चालक डुलकी घेतो, ही प्रथा बेकायदेशीर व धोक्याची असूनही सर्वांना ठाऊक आहे.

झोप आणि अपघात

थकवा हा मद्यासारखा मोजता येत नाही. अपघातानंतर पंचनाम्यात ‘वेग’ किंवा ‘निष्काळजीपणा’ लिहिला जातो. झोप लागल्याचा पुरावा मागे उरत नाही. तथापि शास्त्रीय निष्कर्ष पुरेसे स्पष्ट आहेत. ड्रू डॉसन व कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी खालावते. भारतात वाहनचालकासाठी मद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठून रात्री दहानंतरही गाडी चालविणारा माणूस, एक थेंबही न पिता, या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असू शकतो.

झोपेची नैसर्गिक ओढ चोवीस तासांत दोनदा वाढते: पहाटे दोन ते सहाच्या सुमारास आणि दुपारी जेवणानंतर. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारची ही वेळ अधिकच जड होते. डोळे क्षणभर मिटून मेंदू काही सेकंद बंद पडण्याच्या अवस्थेला सूक्ष्मनिद्रा म्हणतात. ताशी ८० किमी वेगात चार सेकंदांत गाडी जवळपास ९० मीटर पुढे जाते. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी ही अवस्था फार तर काही मिनिटे लांबते. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी मात्र खरोखर उपयोगी पडते, आणि कायद्यातील अर्धा तास तिला पुरेसा आहे. हा अर्धा तास चाकाची हवा तपासण्यात आणि फोनवर पुढचे भाडे ठरविण्यात गेला तर कायदा पाळला जातो, थकवा मात्र तसाच राहतो.

समृद्धी महामार्ग आणि थांबण्याच्या जागा

नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यावर ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. पहिल्या टप्प्यानंतर लवकरच तेथील अपघातांची चर्चा सुरू झाली. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी प्रवासी बसला लागलेल्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ एका लहान प्रवासी वाहनाने ट्रकला मागून धडक दिल्याने १२ जण दगावले. दोन्ही घटना मध्यरात्र ते पहाट या वेळेतील आहेत. सरळ, एकसुरी, वळणे नसलेल्या रस्त्यावर चालकाचे लक्ष हळूहळू सुटत जाण्याच्या प्रकाराला ‘महामार्ग संमोहन’ म्हणतात. तो शब्द या काळात मराठी वृत्तपत्रांत रूढ झाला.

विश्रांतीच्या दृष्टीने जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग यांत एक मूलभूत फरक आहे. जुन्या नागपूर–वर्धा–पुलगाव रस्त्यासारख्या मार्गावर दर काही किलोमीटरला ढाबा, पंक्चरवाला, झाडाखालची बाज असते. झोप आली की थांबता येते. दोन्ही बाजूंनी बंदिस्त असलेल्या द्रुतगती मार्गावर ठरलेल्या ठिकाणीच थांबता येते, आणि तेथे पोचेपर्यंत तग धरावी लागते. सुरुवातीच्या काळात इंधन, प्रसाधनगृह व भोजन यांच्या सोयी अपुऱ्या होत्या. त्यामुळे ट्रक कडेच्या पट्टीवर उभे करण्याची सवय लागली. अंधारात कडेला उभा असलेला ट्रक हा मागून येणाऱ्या वाहनासाठी स्वतःच एक धोका असतो. म्हणजे एका चालकाने अपघात टाळण्यासाठी घेतलेली विश्रांती दुसऱ्याच्या अपघाताचे कारण होऊ शकते. म्हणूनच विश्रांतीचा नियम हा जागेचाही प्रश्न आहे. पाच तासांची मर्यादा कागदावर ठेवून चालत नाही, त्या अंतरात ट्रक सुरक्षित लावता येईल, अंघोळ करता येईल, डिझेल आणि माल चोरीला जाणार नाही, अशी जागा असावी लागते. चोरीच्या भीतीने चालक गाडीतच झोपतो. मेमध्ये तापलेल्या लोखंडी केबिनमधील ती झोप नावापुरतीच असते.

या दिशेने काही उपाय झाले आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य करण्यात आले आहे. राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी विश्रांतिगृहे उभारण्याची योजना केंद्र शासनाने २०२४ मध्ये जाहीर केली, आणि तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ या नावाने झोपण्याची व अंघोळीची सोय सुरू केली.

अंमलबजावणी

युरोपीय संघात ट्रकवर टॅकोग्राफ हे उपकरण बंधनकारक आहे. चालक केव्हा चालला, केव्हा थांबला याची ते नोंद ठेवते व तपासणी अधिकारी ती रस्त्यावरच पाहू शकतो. भारतात ट्रकसाठी असे उपकरण बंधनकारक नाही. कलम ९१ नुसार मालकाने कामाचे तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवावी असा आदेश शासन देऊ शकते. परंतु नोंदवही मालकाच्या कार्यालयात आणि चालक चारशे किलोमीटर दूर, अशा स्थितीत ती खरी मानायची तर कशाच्या आधारे? रस्त्यावर गाडी थांबविणारा परिवहन अधिकारी परवाना, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि जादा भार पाहतो. ‘किती तास झाले?’ हे विचारण्याचे साधन त्याच्या हाती नाही. फास्टॅगच्या नोंदींतून एका ट्रकने दोन नाक्यांमधील अंतर किती वेळात कापले हे कळू शकते, मात्र सुकाणूवर कोण होते ते कळत नाही.

राज्य परिवहन महामंडळाची स्थिती तुलनेने बरी आहे. पुलगावसह प्रत्येक आगारात चालकाच्या पाळीचा तक्ता लागलेला असतो, मुक्कामी गाडीच्या चालकासाठी विश्रांतीची जागा अपेक्षित असते आणि संघटना तासांवर लक्ष ठेवतात. १९६१ चा अधिनियम वाचताना तो अशाच आगार, पाळी आणि वेळापत्रक असलेल्या सेवेला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला असावा असे जाणवते. खासगी मालवाहतुकीत यांपैकी काहीच नसते.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास निश्चित करण्याची आणि झोप ओळखणारी संवेदक यंत्रणा बसविण्याची गरज मांडली होती. रस्ता सुरक्षेविषयीच्या एस. राजसीकरन विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये चालकांच्या तासांविषयीच्या तरतुदींची अंमलबजावणी कशी करता येईल, यासाठी केंद्राने राज्यांच्या संबंधित विभागांची बैठक घ्यावी असे निर्देश दिले.

इतरत्र

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ च्या १५३ क्रमांकाच्या करारानुसार सलग चार तासांपेक्षा अधिक वाहन चालवू नये आणि दिवसाला किमान दहा तास सलग विश्रांती मिळावी. भारताने या करारास अनुसमर्थन दिलेले नाही. युरोपीय संघात साडेचार तास चालविल्यावर ४५ मिनिटांचा खंड आवश्यक असून तो पंधरा व तीस मिनिटांच्या दोन भागांत घेता येतो. रोजची विश्रांती साधारणतः अकरा तासांची असते. अमेरिकेत सलग दहा तास कामाबाहेर राहिल्यावर चौदा तासांच्या पसाऱ्यात अकरा तास चालविता येते, आणि आठ तास चालविल्यावर अर्धा तास थांबावे लागते. या पद्धती प्रामुख्याने ‘चालविण्याचे’ तास मोजतात. भारतीय कायदा ‘कामाचे’ तास मोजतो आणि चढउताराचा वेळही त्यात धरतो. त्यामुळे कागदावर तो या बाबतीत अमेरिकेच्या नियमांहून बराच कडक आहे.